नोकरी सांभाळून कुत्र्याच्या पिल्लाला शू-शीची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली सगळी माणसं दिवसभर कामावर. अशा घरात पिल्लाला सवय लागते का?

लागते, फक्त वेळ जास्त लागतो. दिवसभर माणूस असलेल्या घरात जे काम दीड-दोन महिन्यांत होतं, त्याला इथे चार-पाच महिने धरून चाला. पिल्लू शिकतं ते एकाच गोष्टीवर: योग्य जागी किती वेळा झालं आणि चुकीच्या जागी किती वेळा. तुम्ही नसताना रोज दोनदा फरशीवर होत असेल, तर संध्याकाळी कितीही कौतुक करा, फरशीचा अभ्यास चालूच राहतो. म्हणून नोकरदार घरात एका प्रश्नाचं उत्तर पिल्लू आणण्याआधी ठरवावं लागतं: तुम्ही नसताना त्याने शू करायची कुठे? "धरून ठेवेल" हे त्याचं उत्तर नाही.

पिल्लू नेमकं किती वेळ धरून ठेवू शकतं?

ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. पण ही वरची मर्यादा आहे आणि तीही पिल्लू शांत पडून असतानाची. जागं असेल, खेळत असेल, नुकतंच पाणी प्यायलं असेल तर तेच तीन महिन्यांचं पिल्लू पाऊण तासात शू करतं. लहान जातीच्या पिल्लांचं मूत्राशय लहान असतं, त्यांच्यासाठी हिशोबातून एक तास वजा करा. पिल्लू मोठं झालं म्हणून हा आकडा वाढतच जातो असंही नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही रोज सहा-आठ तासांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये.

यात हट्टीपणाचा काही भाग नसतो. जन्मल्यावर पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. रोखून धरण्याचा ताबा त्यानंतर हळूहळू येतो आणि तो भरवशाचा व्हायला चार ते सहा महिने वय व्हावं लागतं.

सुट्टी किती दिवसांची घ्यावी?

एक आठवडा तरी हवा, दोन मिळाले तर उत्तम. पण सुट्टी कशी वापरली हे महत्त्वाचं. बहुतेक घरांत होतं असं की सात दिवस पिल्लू क्षणभरही एकटं नसतं आणि आठव्या दिवशी सकाळी अचानक आठ तास एकटं. ते घाबरतं, भुंकतं, रडतं आणि घाबरलेल्या पिल्लाला शू-शी दोन्ही होतात. नव्याचे नऊ दिवस संपण्याआधीच सराव सुरू करा. तिसऱ्या दिवसापासून त्याला त्याच्या जागेत ठेवून पाच मिनिटं घराबाहेर जा. मग पंधरा, मग चाळीस, सुट्टीच्या शेवटापर्यंत दोन तास. जाताना निरोप समारंभ नको, आल्यावर गळाभेट नको.

आणताना पुढे लागून सुट्टी येईल असा दिवस निवडा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. जिथून घेताय तिथे एक गोष्ट आवर्जून विचारा: पिल्लं शू-शी कशावर करत होती? कागदावर, मातीत, सिमेंटवर? साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखालच्या पृष्ठभागाची आवड पक्की होत जाते. कागदावर वाढलेलं पिल्लू तुमच्या गवताकडे पाहणार नाही आणि जमिनीवर पडलेलं वर्तमानपत्र मात्र सोडणार नाही.

बाहेर कधी न्यायचं?

झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर ५ ते २० मिनिटांत, खेळ थांबला की, पिंजऱ्यातून बाहेर काढल्याबरोबर आणि पाहुणे आल्यावरच्या धुमाकुळानंतर. यातलं काहीच झालं नसेल तरी लहान पिल्लाला जागेपणी दर ४५ मिनिटांनी.

खाल्ल्यावर शी होण्याचं कारण साधं आहे, पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं. म्हणून भांडं दिवसभर भरलेलं ठेवू नका. ठरलेल्या वेळी द्या, पंधरा मिनिटांनी उचला. खाण्याची वेळ घड्याळावर आली की शीचीही येते, आणि ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याहून मोठी मदत दुसरी नाही.

बाहेर नेल्यावर तिथे काय करायचं?

इथे सगळ्यात जास्त बारकावे आहेत आणि चुकाही इथेच होतात.

दारापर्यंत लहान पिल्लाला उचलून न्या. चालवत नेलं तर वाटेतच बसतं. पट्टा लावलेलाच हवा, बंदिस्त अंगण असलं तरी. दरवेळी त्याच कोपऱ्यात जा, आधीचा वास राहिलेला असतो. तिथे झाडासारखे उभे राहा. बोलू नका, फोन पाहू नका, खेळू नका. पट्ट्याच्या लांबीत ते हुंगत फिरेल. नाक जमिनीला लागलेलं, चाल एकदम वेगवान, मग छोटीशी गिरकी. आता होणार. बसताक्षणी हळू आवाजात ठरलेला शब्द म्हणा, "शू कर" किंवा घरात जो असेल तो. रोज तोच. दोन-तीन आठवड्यांनी हा शब्द ऐकून ते स्वतःच जागा शोधू लागतं आणि पावसाळी रात्री तुम्ही त्याला दुवा देता.

शू चालू असताना "शाब्बास!" असं ओरडू नका. पिल्लू मध्येच थांबतं, खाऊसाठी धावत येतं आणि उरलेली शू आत आल्यावर पूर्ण करतं. शेवटचा थेंब पडू द्या, ते उभं राहू द्या, आणि त्याच जागी, दोन सेकंदांच्या आत खाऊचा तुकडा तोंडात द्या. तुकडा हरभऱ्याएवढा पुरे. खाऊ घरात येऊन दिलात तर ते समजतं की बक्षीस दारातून आत येण्याचं आहे.

शू झाली की लगेच आत वळू नका. एक, बरीच पिल्लं दोन टप्प्यांत करतात आणि शी तर चार पावलं चालल्यावरच होते. दोन, "उरकलं की मजा संपते" हे त्यांना फार लवकर कळतं आणि मग ती उरकायचंच लांबवतात. झाल्यानंतर पाच मिनिटं हुंगू द्या, थोडं खेळा.

अर्धा तास बाहेर फिरलो, काही केलं नाही. आत आल्यावर मिनिटभरात गालिच्यावर!

बाहेर पक्षी, गाड्या, वास, माणसं. पिल्लाचं लक्षच लागत नाही. आत शांतता मिळाली की शरीर सैल पडतं. उपाय दोन. पहिला, फिरणं आणि शू वेगळी करा: आधी त्या एका कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहायचं, झाली तरच फिरायला. दुसरा, नाही झाली तर आत आणून मोकळं सोडायचं नाही. पिंजऱ्यात, मांडीवर किंवा आखूड पट्ट्याने तुमच्या कमरेला बांधून दहा-पंधरा मिनिटं आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात. कधीकधी तीन फेऱ्या लागतात. म्हणून सकाळी निघायच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हे सुरू करण्यात अर्थ नसतो.

ऑफिसच्या दिवसाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

समजा पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, तुम्ही साडेआठला निघता आणि सव्वासहाला परत येता.

५:४५ – उठवून थेट बाहेर. स्वतःच्या चहाआधी.
६:१५ – खाणं आणि पाणी. भांडं पंधरा मिनिटांनी उचलायचं.
६:४० – बाहेर. बहुधा शी इथेच होते.
६:५० ते ७:३० – खेळ, शिकवणं. पिल्लू दमायला हवं.
७:३० – बाहेर. मग तुमची तयारी चालू असताना ते जाळीच्या कुंपणात.
८:१५ – शेवटची फेरी. शू होईपर्यंत थांबायचं.
८:३० – कुंपणात, सोबत खाणं भरलेलं रबरी खेळणं.
११:३० – पहिला मदतनीस. बाहेर, खेळ, पुन्हा बाहेर.
२:३० – दुसरी फेरी. बाहेर, दुपारचं खाणं, पुन्हा बाहेर.
६:१५ – तुम्ही दारात. बूट न काढता पिल्लू उचलून बाहेर.
७:०० – रात्रीचं खाणं, ७:२० ला बाहेर, नंतर साधारण दर पाऊण तासाने.
१०:३० – शेवटची फेरी.
रात्री २ – गजर लावून एक फेरी.

दिवसात दोन माणसं येणं जास्त वाटतं, पण अडीच महिन्यांच्या पिल्लासाठी ते कमीत कमी आहे. चार महिन्यांनंतर दुपारची एक फेरी पुरते, ती दिवसाच्या बरोबर मध्यावर ठेवा. सहा महिन्यांनंतर खाणं दोन वेळा केलं तरी चालतं. जोडीदार असेल तर दोघांच्या ऑफिसच्या वेळा तासाभराने पुढेमागे करून घेता येतात का ते पाहा. एकाने उशिरा निघायचं, दुसऱ्याने लवकर यायचं. एकटेपणाचा काळ दहावरून आठ तासांवर येतो आणि एक फेरी वाचते.

रविवारीही ५:४५ च. सुट्टीच्या दिवशी नऊला उठणाऱ्या घरात सोमवारी हमखास घोळ होतो.

मदतनिसाला काय सांगायचं?

तोंडी सांगू नका, दारावर कागद चिकटवा. मजकूर एवढाच:

"आत आल्यावर आधी बाहेर, लाड नंतर. पट्टा दाराच्या खुंटीला. जागा: जिन्याजवळचा कोपरा. झाल्यावर तिथेच एक तुकडा. घरात केलेलं दिसलं तर रागवू नका, पुसा आणि कागदावर लिहा. जाण्याआधी पुन्हा बाहेर. पाणी भरा."

खाली तीन रकाने: वेळ, शू की शी, कुठे. हा कागद आठवडाभर नीट भरला की सगळं उघडं पडतं. रोजची शी ११:३० च्या ऐवजी १०:४५ ला होत असेल, तर सकाळच्या खाण्याची वेळ बदलून पाहायची. बहुतेक "अडेलतट्टू" पिल्लांचं गूढ या तीन रकान्यांत सुटतं.

दुपारी येणारं कोणीच नाही. मग?

मग घरातच त्याला अधिकृत जागा द्या. पिंजऱ्यात आठ तास बंद ठेवणं हा पर्याय नाही. त्यात पिल्लू स्वतःच्या घाणीत बसायला शिकतं आणि ते शिकणं मोडायला महिने जातात.

साधारण दीड मीटर बाय दोन मीटरचं जाळीचं कुंपण घ्या, किंवा छोटी खोली, बंद गॅलरी. गॅलरी असेल तर उन्हाचा विचार करा आणि कठड्यातून पिल्लाचं डोकं जात नाही ना, हे बघा. खाली पाणी न शोषणारी जाड शीट. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, अगदी विरुद्ध टोकाला शूची जागा. पिल्लाला झोपण्याच्या जागेपासून लांब जायला वाव मिळाला की ते जातंच.

पहिले काही दिवस अंथरूण सोडून सगळी जमीन शू शोषून घेणाऱ्या पॅडने झाका. कोणत्या भागात जास्त वेळा होतं ते दिसेल. त्या भागापासून सर्वात लांबचा पॅड काढा, तीन-चार दिवसांनी आणखी एक. चूक झाली की एक पॅड परत वाढवायचा, घाई नाही. शेवटी एक-दोन पॅड उरतात. बदलताना ओल्या पॅडचा तळहाताएवढा तुकडा नव्याच्या खाली ठेवला तर वास टिकतो.

पॅड फाडणाऱ्या पिल्लासाठी जाळी असलेला ट्रे मिळतो, पॅड जाळीखाली राहतो. फाडणं म्हणजे गंमत समजून कानाडोळा करू नका, आतला फुगणारा गर गिळला तर आतड्यात अडकू शकतो.

पॅडची सवय लागलेलं पिल्लू पुढे बाहेर करतच नाही म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. पॅड म्हणजे पिल्लाच्या पायाला लागणारा मऊ कापडी चौकोन. त्यातून त्याने शिकलेला नियम "मऊ चौकोनावर करावी" असाच असतो, आणि पायपुसणं, गालिचा, पडलेला टॉवेल सगळे त्यात बसतात. पॅड वापरत असाल तर तेवढे महिने पायपुसणी गुंडाळून वर ठेवा.

यापेक्षा चांगलं म्हणजे ट्रेमध्ये खऱ्या गवताचा थर. पायाला तेच लागतं जे बाहेर लागणार आहे. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो, कटकट आहे, पण पुढचं संक्रमण जवळजवळ फुकट होतं. पॅडवरून बाहेर न्यायचंच असेल तर ओला पॅड बाहेरच्या कोपऱ्यात दगड ठेवून पसरा, दर दोन-तीन दिवसांनी कापून लहान करा. आणि तुम्ही घरी असताना पॅड वापरूच नका. पॅड फक्त एकटेपणासाठी, माणूस घरात असेल तर बाहेर. ही रेघ पिल्लाला आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळते.

पिंजऱ्यात ठेवणं क्रूरपणा नाही का?

वापरावर अवलंबून. झोपेसाठी, रात्रीसाठी, तासा-दोन तासांसाठी उघड्या दारातून आवडीने आत जायला शिकवलेलं पिल्लू तिथे निवांत झोपतं. शिक्षा म्हणून किंवा दिवसभराचं कपाट म्हणून वापरला तर क्रूरपणाच.

माप चुकलं की काम बिघडतं. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढाच. मोठ्या पिंजऱ्यात ते एका कोपऱ्यात शू करतं आणि दुसऱ्यात झोपतं. पूर्ण वाढीच्या मापाचा घेतला असेल तर मध्ये आडवी जाळी टाकून जागा कमी करा. पहिला आठवडाभर सगळं खाणं पिंजऱ्यात द्या, दार उघडं ठेवून. दार लावण्याची घाई केलेल्या घरांतच रडारड होते.

लसी पूर्ण नाहीत तोवर बाहेर न्यायचं की नाही?

पिल्लांच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन काही आठवड्यांच्या अंतराने १६ आठवडे किंवा त्याच्याही पुढपर्यंत चालतात. भीती मुख्यतः पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण १६ आठवडे फक्त घरात ठेवलं तर फरशीची सवय घट्ट होते. मधला मार्ग: अनोळखी कुत्री येत नाहीत अशी जागा शोधा. स्वतःचं अंगण, गच्ची, गॅलरीतला गवताचा ट्रे. तिथपर्यंत उचलून न्या, तिथून उचलून आणा. कुत्र्यांचा वावर असलेला रस्ता, बाग, दवाखान्याच्या आवारातली जमीन टाळा. तुमच्या भागात धोका किती ते तुमच्या पशुवैद्यांना विचारून ठरवा.

घरात करताना दिसलं तर काय करायचं? नंतर सापडलं तर?

करताना दिसलं तर टाळी वाजवा, एकदाच आणि हलकी, "अरे!" म्हणा, उचला, बाहेर. उरलेलं बाहेर झालं तर खाऊ. दणका दिला, ओरडलात, तर पिल्लू "घरात करू नये" हे शिकत नाही, "माणसासमोर करू नये" हे शिकतं. मग ते सोफ्यामागे करतं आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यासमोर करायलाही घाबरतं. नोकरदार माणसासाठी हे दुप्पट महाग, कारण त्याच्या हाताशी आधीच दिवसाचे मोजके तास असतात.

नंतर सापडलं तर पुसा आणि गप्प बसा. नाक घासणं वगैरे पूर्ण बंद. "पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा पाडलाय!" हे आम्ही सतत ऐकतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच चेहऱ्यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याने खरंच आज्ञा मोडली की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की चेहरा पडायचा. संध्याकाळी दारातच तुमच्या कपाळावर आठी आली की तो चेहरा येतो, एवढंच.

डाग आणि वास कसा घालवायचा?

आपल्या नाकाला वास गेला म्हणजे पिल्लाच्या नाकाला गेला असं नाही, आणि जिथे वास तिथे शौचालय.

आधी कोरड्या कापडाने दाबून टिपा. घासू नका, पसरते. साध्या पाण्याने एकदा ओलं करून पुन्हा टिपा. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमयुक्त द्रावण ओता. शिंपडून भागत नाही, शू जितकी खोल मुरली तितकं खोल ते जायला हवं. बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, ओलंच राहू द्या आणि नंतर आपोआप वाळू द्या. गादी, सोफा, गालिचा यांना दोनदा करावं लागतं.

अमोनिया असलेली द्रावणं नकोत, वास शूसारखाच येतो. ब्लीच शूवर ओतू नका, त्यातून घशाला लागणारा विषारी वायू निघतो. गरम वाफेची मशीनही आधी नको, उष्णतेने डाग आणि वास धाग्यात बसतो. जुने डाग सापडत नसतील तर खोलीत अंधार करून अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने शोधा. ठिपके चमकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो.

मी नसताना पाणी बंद ठेवलं तर?

नको. शू घट्ट होते, जळजळते आणि उन्हाच्या दिवसांत पाणी नसणं धोक्याचं. फक्त रात्री झोपण्याआधी दीड-दोन तास भांडं उचलायला हरकत नाही, तेही पिल्लू निरोगी असेल आणि दिवसभर भरपूर प्यायलं असेल तरच.

रात्री किती वेळा उठावं लागतं?

आठ ते दहा आठवड्यांच्या पिल्लासाठी एकदा, कधी दोनदा. झोपेत शू कमी तयार होते, म्हणून रात्रीचं अंतर दिवसापेक्षा लांब असतं. पिंजरा तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, चुळबुळ ऐकू यायला हवी. ते रडायच्या आधी गजर लावून उठलात तर "रडलं की दार उघडतं" हा धडा टळतो. मंद दिवा, बोलणं नाही, कोपरा, शू, खाऊचा तुकडा, परत. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर अर्ध्या तासाने पुढे. साडेतीन-चार महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं सलग झोपतात.

पिंजऱ्यातच शू करतं आणि त्यावरच झोपतं.

आधी अंतर मोजा, फार वेळ ठेवलं जातंय का? मग आतलं अंथरूण बघा. जाड मऊ गादी शू शोषून घेते, पिल्लाला ओलं लागत नाही. काही दिवस पातळ चटई घाला. ज्या पिल्लाचे पहिले आठवडे अस्वच्छ पिंजऱ्यात गेले, त्याची घाणीपासून लांब जाण्याची ओढच बोथट झालेली असते. त्याच्यासाठी पिंजरा वापरणं थांबवून कुंपण आणि पॅड द्या आणि महिनाभराने पुन्हा पाहा.

मी घरी आलो की आनंदाने जागेवरच थेंब थेंब होते.

हा सवयीचा प्रश्नच नाही. अतिउत्साह किंवा नमून वागणं यातून ते होतं, पिल्लाच्या हातात नसतं. आल्यावर बघू नका, वाकू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. बाजूला वळून उभे राहा, थेट बाहेर न्या, भेट तिथे. रागावलात तर वाढतं. बहुतेक पिल्लांचं वर्षभरात आपोआप सुटतं.

हे शिकवण्यातलं चुकतंय की आजार आहे, कसं ओळखायचं?

दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडी थोडी शू, बसून जोर लावणं, शूत रक्त, सतत तिथे चाटणं, अचानक खूप पाणी पिणं, जमलेलं असताना एकाएकी बिघडणं: मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, मादी पिल्लांत जास्त आढळतो. झोपेत किंवा चालता चालता गळत असेल तर मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता तपासावी लागते. दवाखान्यात जाताना सकाळची ताजी शू स्वच्छ डबीत घ्या. पसरट ट्रे मागून हळूच सरकवला की जमतं. लगेच जाणार नसाल तर डबी फ्रिजमध्ये.

शी पातळ असेल तर जंत, खाण्यातला बदल, खाऊचा मारा, काहीही असू शकतं. पण उलट्या, रक्ताची शी आणि मलूलपणा एकत्र दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, ऑफिस बाजूला ठेवून.

चार महिन्यांत जमलं होतं. सातव्या महिन्यात ये रे माझ्या मागल्या!

वयात येण्याचा काळ. आधी आजार नाही याची खात्री करा. मग पाहा: पुष्कळ शू जमिनीवर आहे की थोडीशी उभ्या गोष्टीवर, दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायावर? दुसरं असेल तर ती खूण सोडणं आहे. नर करतात, काही माद्याही, विशेषतः माजाच्या सुमारास. त्यावर नसबंदीचा उपयोग होतो का आणि कोणत्या वयात, हे पशुवैद्यांशी बोलून ठरवा. जमिनीवरचं असेल तर कारण बहुधा आपणच: "आता येतं त्याला" म्हणून फेऱ्या कमी झालेल्या असतात. दोन आठवडे पिल्लू तीन महिन्यांचं आहे असं समजून वागा.

कॅमेरा लावून उपयोग होतो?

पाहायला होतो. किती वाजता उठतं, किती वाजता शू करतं, रडतं किती, हे कळतं आणि मदतनिसाची वेळ नीट ठरते. ऑफिसातून स्पीकरवर "नो! नो!" करणं मात्र उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पिल्लू आवाज शोधत फिरतं आणि आणखी बावरतं.

स्वतःची शी खातं.

पिल्लांमध्ये खूप आढळतं. ओरडत धावू नका, ते घाईने गिळतं. झाल्याबरोबर खाऊ दाखवून बाजूला घ्या आणि उचला. जंतांचं औषध वेळेवर आहे ना ते पाहा. एकट्या दिवसांत कंटाळ्यानेही होतं, म्हणून दुपारची फेरी इथेही उपयोगी.

पूर्ण घर मोकळं कधी द्यायचं?

सलग चार आठवडे एकही चूक नसेल तर एक खोली वाढवा, तीही तुम्ही घरी असताना. नव्या खोलीत आधी एकदा त्याला खायला द्या, थोडा वेळ तिथे बसा, खेळा. राहण्याची जागा वाटली की तिथे करणं कमी होतं. दोन आठवडे कोरडे गेले की पुढची खोली. एकटं असताना कुंपण काढायचा प्रयोग सहा महिन्यांआधी नको, आणि पहिल्यांदा काढाल तेव्हा अर्ध्या तासासाठी काढा, शनिवारी, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येण्याइतका. परत आल्यावर आधी बाहेरचा कोपरा, मग घराची पाहणी.